स्प्रिंग अडवणारी केबल आणि दार अडवणारी खिट्टी

नागपुरात बेसा, मनीषनगर आणि वर्धा रोडच्या बाजूला जे नवे बंगले उभे राहिले, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी गाडी ठेवण्याच्या जागेला लोखंडी फाटकाऐवजी आडव्या पट्ट्यांचे, छताखाली सरकत जाणारे दार बसवलेले दिसते. असे दार घेताना घरमालक एक प्रश्न हमखास विचारतो, ‘सेफ्टी आहे ना?’ आणि दार बसवणारा तितक्याच हमखासपणे ‘आहे’ म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात, परंतु ते एकाच वस्तूविषयी बोलत असतील याची खात्री नसते. या दारांमध्ये ‘सेफ्टी’ या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. एक तुटलेल्या स्प्रिंगला उडू देत नाही, दुसरी स्प्रिंग तुटल्यावर दाराला पडू देत नाही. पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप आली, असे मुळीच नाही.

हा फरक मला माझ्याच घरी कळला. एका सकाळी दार बंद असताना वरून मोठा आवाज झाला. जाऊन पाहिले तर उजव्या बाजूची स्प्रिंग मधोमध तुटून तिच्या आतून जाणाऱ्या केबलवर लोंबकळत होती, आणि खाली उभ्या असलेल्या गाडीला ओरखडाही आलेला नव्हता. सेफ्टीने आपले काम केले, असे समजून दादा आणि मी दार हातांनी उचलायला गेलो. ते कमरेपर्यंत आले, एका बाजूला तिरके झाले, आमच्या हातांतून सुटले आणि उंबऱ्यापाशी ठेवलेल्या कुंडीवर येऊन आदळले. कुंडीच्या जागी दादाचा पाय असता तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही करतो. आमच्या दाराला पहिली सेफ्टी होती, दुसरी नव्हती, आणि दार घेताना तो फरक आम्हांला कोणी सांगितला नव्हता.

या दोन्ही साधनांचे मूळ एकाच प्रश्नात आहे : दाराचे वजन कोण उचलते? आपला हात उचलत नाही आणि मोटरही उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. 80 किलो वजनाचे आणि 2.1 मीटर उंचीचे दार पूर्ण वर जाते तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य साधारण 1.05 मीटर वर सरकतो, म्हणजे सुमारे 820 जूल ऊर्जा लागते. दार बंद असताना एवढी ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठवून ठेवलेली असते. दहा किलोचे धान्याचे पोते आठ मीटरांहून अधिक उंचीवरून, म्हणजे जवळपास तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकले तर ते जेवढ्या जोराने आदळेल, तेवढा हा साठा आहे. दार बंद असताना स्प्रिंग सर्वांत जास्त ताणलेली असते आणि म्हणूनच ती बहुतेक वेळा दार बंद असतानाच तुटते.

स्प्रिंगचेही दोन प्रकार आहेत आणि मराठीत त्यांच्यासाठी नेमके शब्द आहेत : एक ताणाची आणि दुसरी पिळाची. ताणाची स्प्रिंग दाराच्या दोन्ही बाजूंना, छताखालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे दार ज्यातून सरकते त्या लोखंडी मार्गाला, समांतर टांगलेली असते, आणि दार खाली येते तशी ती लांब होते. तिच्या पुढच्या टोकाला सरकणारी पुली असते. दाराच्या खालच्या कोपऱ्यापासून निघालेली उचलकेबल चौकटीजवळच्या स्थिर पुलीवरून या सरकत्या पुलीला वळसा घालून पुन्हा पट्टीला बांधलेली असते. या रचनेमुळे स्प्रिंगला दाराच्या प्रवासाच्या निम्मेच लांब व्हावे लागते, पण त्या बदल्यात दुप्पट ओढ सोसावी लागते. 80 किलोच्या दारात प्रत्येक बाजूला 40 किलोचा भार येत असला, तरी प्रत्येक स्प्रिंगवर 80 किलोची ओढ असते. अशा अवस्थेत तिचा हूक मोडला किंवा वेटोळे तुटले तर मोकळा झालेला तुकडा चाबकासारखा सुटतो, आणि त्याच्या वाटेत गाडीची काच येते की माणसाचा चेहरा, हे कोणाच्याच हातात राहत नाही.

यासाठी पहिली सेफ्टी असते. ती एक साधी पोलादी केबल आहे, जी स्प्रिंगच्या पोकळीतून आरपार ओवलेली असते आणि जिची दोन्ही टोके इमारतीला किंवा पट्टीच्या आधारांना पक्की बांधलेली असतात. दार हलते तेव्हा स्प्रिंग तिच्यावरून मागेपुढे सरकते, केबल मात्र जागची हलत नाही. तिच्यावर एरवी कोणताही भार नसतो. स्प्रिंग तुटली की तुकडे या केबलवर ओवलेल्या मण्यांसारखे अडकून राहतात. अमेरिकेत सरकत्या दारांसाठीच्या 102 क्रमांकाच्या अन्सी-डास्मा मानकात (अन्सी ही तेथील राष्ट्रीय मानकसंस्था, डास्मा ही दार-उत्पादकांची संघटना) ताणाच्या स्प्रिंगला असा अटकाव अपेक्षित धरलेला आहे.

ही केबल स्वस्त आहे, समजायला सोपी आहे आणि तरीही ती चुकीची बसवलेली फार आढळते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे उचलकेबलीलाच सेफ्टी केबल समजणे. दाराकडे पाहताना दोन तारा दिसतात, त्यांपैकी जी पुलीवरून फिरते आणि दाराच्या कोपऱ्याला जाते ती भार उचलणारी असते, तिचा स्प्रिंगच्या तुकड्यांना अडवण्याशी काही संबंध नसतो. जी स्प्रिंगच्या पोटातून जाते आणि दार चालू असतानाही स्थिर राहते तीच सेफ्टी केबल. दुसरी चूक टोकाची असते. केबलचे पुढचे टोक स्थिर आधाराला न बांधता सरकत्या पुलीला धरणाऱ्या काट्याला बांधले तर स्प्रिंग तुटताच पुलीबरोबर केबलही उडते आणि तिचा उपयोग शून्य होतो. तिसरी चूक म्हणजे केबल फार सैल सोडणे, कारण मग तुकडे अडकतात, पण अडकण्याआधी डोक्याच्या उंचीपर्यंत झोका घेतात.

पिळाच्या स्प्रिंगचा स्वभाव वेगळा आहे. ती दाराच्या वर, भिंतीला समांतर असलेल्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, ओवलेली असते. तिचे एक टोक मधल्या स्थिर ब्रॅकेटला बांधलेले असते, दुसरे टोक शाफ्टला पकडणाऱ्या शंकूला. दार खाली येते तेव्हा शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या, केबल गुंडाळून ठेवणाऱ्या ड्रमवरून केबल सुटत जाते, शाफ्ट फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. सात फुटी दाराला नेहमीच्या ड्रमवर साधारण साडेसात फेऱ्यांचा पीळ द्यावा लागतो. ही स्प्रिंग तुटली तर तिचे दोन्ही भाग शाफ्टवरच राहतात आणि दोघांमध्ये काही बोटांची फट दिसते. शाफ्ट स्वतःच तिला धरून ठेवतो, म्हणून तिला आतून केबल ओवण्याचा प्रश्नच येत नाही. पण याचा अर्थ धोका नाही असा नाही. स्प्रिंग जागेवर राहिली तरी तिच्या जोरावर तोललेले 80 किलोचे दार आता तोलाविना आहे.

दुसरी सेफ्टी या क्षणासाठी आहे. तिचे मर्म दातेरी चाक आणि खिट्टी एवढेच आहे. शाफ्टवर दातेरी चाक घट्ट बसवलेले असते आणि स्प्रिंगच्या स्थिर टोकाकडील ब्रॅकेटवर एक खिट्टी असते. स्प्रिंगला पीळ आहे तोवर तो पीळच खिट्टीला दातांपासून दूर दाबून ठेवतो. स्प्रिंग तुटली की पीळ नाहीसा होतो, खिट्टी मोकळी होऊन दातांत शिरते आणि शाफ्ट तिथेच अडतो. धोका निर्माण करणारी घटना आणि अटकाव सुरू करणारी घटना एकच असावी, ही या रचनेतली बुद्धी मला फार मोलाची वाटते, कारण तिला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही आणि कोणाची आठवणही लागत नाही. युरोपात या प्रकारच्या दारांच्या यांत्रिक बाबींसाठी ईएन 12604 हे मानक आहे आणि दार अनियंत्रितपणे कोसळू नये याची काळजी त्यात घेतलेली आहे.

येथे दोन तपशील विचारात घ्यावे लागतात. एका शाफ्टवर दोन स्प्रिंगा असतील तर प्रत्येकीला आपली खिट्टी हवी, कारण एक खिट्टी फक्त आपल्याच स्प्रिंगचा पीळ ओळखते. दुसरे असे की एकदा दातांत घुसलेली खिट्टी आणि ते चाक यांना जबरदस्त धक्का बसलेला असतो, त्यामुळे स्प्रिंग बदलताना हे साधनही नवे बसवणे योग्य असते. केवळ खिट्टी मागे ओढून पुन्हा वापरणे म्हणजे अपघातात फुटलेले हेल्मेट पुन्हा डोक्यावर ठेवणे होय. उचलकेबल तुटण्यासाठी याच जातीचे वेगळे साधन असते. ते दाराच्या खालच्या कोपऱ्यात असते आणि केबल सैल होताच त्याचे पाते उभ्या पट्टीत रुतते. ते स्प्रिंगसाठी नाही, केबलसाठी आहे.

आता दोन्ही साधने एकाच प्रसंगात उभी करून पाहू. दार बंद आहे आणि ताणाची स्प्रिंग तुटली, तर पहिली सेफ्टी गाडी आणि माणूस वाचवते. दाराला पडायला जागाच नसते, म्हणून दुसरीची उणीव जाणवत नाही. हाच तो फसवा क्षण, ज्यात आम्ही दोघे भाऊ सापडलो. पुढे कोणी दार उचलायला गेले की खरा धोका सुरू होतो. याउलट दार वर असताना पिळाची स्प्रिंग तुटली तर कोणताही तुकडा उडत नाही, पण खिट्टी नसेल तर दाराला फक्त मोटरची चेन किंवा पट्टा धरून असतो. अशा वेळी मोटरला लटकणारी लाल दोरी कधीही ओढू नये. ती दोरी वीज गेल्यावर दार मोटरपासून सोडवण्यासाठी आहे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वीज गेली की हात सहज तिच्याकडे जातो. स्प्रिंग शाबूत असेल तर काही बिघडत नाही, तुटलेली असेल तर त्या एका ओढीने संपूर्ण वजन सुटते. दोरी ओढण्यापूर्वी वर पाहून स्प्रिंगमध्ये फट नाही ना, हे पाहायला एक क्षण पुरतो.

दाराच्या खाली, जमिनीपासून सुमारे 15 सेंटिमीटर उंचीवर बसवलेले प्रकाशाचे सेन्सर हेही पुष्कळांना याच कामाचे वाटतात. ते मोटरला थांबवून उलट फिरवतात, आणि अमेरिकेत 1993 पासून घरगुती मोटरना अशी सोय बंधनकारक आहे. परंतु स्प्रिंग तुटून दार पडत असेल तेव्हा मोटरला दिलेल्या आज्ञेला काही अर्थ उरत नाही.

इतवारी, महाल किंवा गांधीबाग येथील दुकानांना मात्र हे सरकते दार नसून गुंडाळले जाणारे शटर असते, आणि नागपुरात स्प्रिंगचा ताण सर्वांत जास्त लोकांच्या डोक्यावर आहे तो याच रूपात. शटरची स्प्रिंग आडव्या पाइपवर, चाकाच्या आत दडलेली असते. ती तुटली तरी बाहेर येत नाही, म्हणून पहिल्या सेफ्टीची गरज येथे रचनेनेच भागवलेली आहे. प्रश्न उरतो तो पडदा, म्हणजे शटरचा गुंडाळला जाणारा भाग, कोसळण्याचा. हाताने ओढायच्या शटरला स्प्रिंग तुटली की ते एकदम जड होते, आणि सकाळी उघडणारा माणूस सवयीने झटका देतो तेव्हा त्याच्या पाठीला दुखापत होते किंवा शटर अर्ध्यातून सुटते. मोटरच्या शटरला मोटरचा स्वतःचा ब्रेक असतो, पण चेन तुटली किंवा गिअर निकामी झाला तर तो ब्रेक पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी शाफ्टवर वेगळा पतनरोधक लागतो. तो स्प्रिंगचा पीळ पाहत नाही, वेग पाहतो, आणि शाफ्ट ठरावीक वेगापलीकडे फिरू लागला की अडकतो. वाडी किंवा हिंगणा परिसरातील गोदामांच्या रुंद शटरखालून दिवसभर हमाल आणि हातगाड्या जातात. तेथे मोटरच्या ब्रेकलाच पतनरोधक समजणे ही मला या सगळ्यातली सर्वांत गंभीर गल्लत वाटते.

ताण फक्त स्प्रिंगमध्ये नसतो, तो तिला धरणाऱ्या बोल्टमध्येही असतो. शटरचा पाइप दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटला यू-क्लँपने आवळलेला असतो. मिस्त्री पाइप पान्याने फिरवून स्प्रिंगला पीळ देतो आणि मग हे क्लँप घट्ट करतो. तो पीळ त्यानंतर सतत त्या दोन-चार नटांवर असतो. रंगकाम करताना किंवा गंज काढताना कोणी ते सैल केले तर पाइप गर्रकन उलटा फिरतो आणि त्याला लावलेला पाना हात मोडू शकतो. सरकत्या दारात हीच गोष्ट तीन ठिकाणी आहे : खालच्या कोपऱ्याचे ब्रॅकेट, मधल्या ब्रॅकेटचे बोल्ट आणि शंकूवरचे स्क्रू. अनेक उत्पादक कोपऱ्याच्या ब्रॅकेटवर लाल रंग देतात आणि काही ठिकाणी नेहमीच्या पान्याने न फिरणारे खास डोक्याचे बोल्ट वापरतात. हीही दोन वेगळी साधने आहेत. लाल रंग ज्याला अर्थ ठाऊक आहे त्यालाच थांबवतो, खास बोल्ट सर्वांनाच थांबवतो. नंतर कोणी वरून दुसरा रंग मारला तर पहिल्याचा अर्थच पुसला जातो. शंकूच्या स्क्रूला हात लावायची वेळ आली तर शंकूच्या छिद्रात बरोबर बसणारी भरीव पोलादी सळई लागते. स्क्रूड्रायव्हर त्या जागी घालणे हा या कामातील सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडणारा प्रमाद आहे.

स्प्रिंगचे आयुष्य वर्षांत नव्हे तर फेऱ्यांत मोजतात आणि सर्वसाधारण स्प्रिंग 10,000 फेऱ्यांसाठी बनवलेली असते. एक वेळ उघडणे आणि बंद करणे ही एक फेरी. दिवसातून चार फेऱ्या झाल्या तर ती सात वर्षांच्या आत संपते. पावसाळ्यात वेटोळ्यांवर चढलेला गंज ते आणखी कमी करतो, कारण तडा त्याच खरबरीत जागेपासून सुरू होतो.

आमच्या दाराच्या दोन्ही स्प्रिंगा बदलताना मी मिस्त्रीला ‘सेफ्टी आहे का’ असे विचारले नाही. स्प्रिंग तुटली तर तुकडा कशाने अडेल, आणि स्प्रिंग तुटली तर दार कशाने अडेल, असे दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरे कोटेशनच्या कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहून घेतली. दुसऱ्या ओळीसाठी ताणाच्या स्प्रिंगा काढून शाफ्ट, पिळाच्या दोन स्प्रिंगा आणि दोन खिट्ट्या बसवाव्या लागल्या. खर्च वाढला. आता दार वर असते तेव्हा दादा त्याखालून वाकून जाताना वर मधल्या ब्रॅकेटकडे पाहतो, आणि दोन्ही खिट्ट्या दातांपासून दूर आहेत हे दिसले की पुढे जातो.