‘नून’ म्हणजे नक्की किती वाजता?

इंग्रजी ‘नून’चे मराठी आपण सर्रास ‘दुपार’ असे करतो. पण दुपार काही तास चालते आणि नून हा एक क्षण आहे. ‘ॲट नून’ म्हणजे बाराच्या ठोक्याला. नूनला नेमका शब्द मध्याह्न. आपल्या दुपारच्या जवळ जातो तो ‘आफ्टरनून’.

गंमत अशी की नून मुळात बाराचा नव्हताच. लॅटिनमध्ये ‘नोना होरा’ म्हणजे नववा तास. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करत. त्यातला नववा भाग आजच्या तीनच्या सुमारास संपे. ख्रिस्ती मठांतली त्या वेळची प्रार्थना मध्ययुगात अलीकडे सरकत गेली आणि तिच्यासोबत शब्दही बारावर येऊन थांबला. आपल्या ‘दुपार’चा प्रवास वेगळा. द्विप्रहर म्हणजे दोन प्रहर, सहा तास. सूर्योदयापासून मोजले तर तोही मध्याह्नच. पुढे तो पसरून अख्खा काळ व्यापून बसला.

एएम म्हणजे मध्याह्नापूर्वी, पीएम म्हणजे मध्याह्नानंतर. मग ठीक बारा वाजता काय लिहायचे? अर्थाने पाहिले तर दोन्ही चूक. डिजिटल घड्याळे दुपारी १२ ला पीएम दाखवतात, कारण पुढचा प्रत्येक क्षण पीएमच असतो. तरी कागदोपत्री ‘१२ नून’ किंवा चोवीस तासांच्या पद्धतीने १२:०० लिहावे. मध्यरात्रीच्या मुदतीत तर तारखेचाही घोळ होतो. तिथे ११:५९ लिहिणे उत्तम.

घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा मात्र क्वचितच जुळतात. सूर्याचा मध्याह्न म्हणजे तो आपल्या रेखावृत्तावर येतो तो क्षण. तेव्हा तो दिवसातला सर्वांत उंच असतो. अगदी डोक्यावर येतो तो फक्त कर्क आणि मकरवृत्तांच्या पट्ट्यात. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून पश्चिमेला दर अंशामागे तो ४ मिनिटे उशिरा होतो, पूर्वेला तितकाच लवकर. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्याह्न सुमारे १६ मिनिटे लवकर येतो, फेब्रुवारीच्या मध्याजवळ सुमारे १४ मिनिटे उशिरा.

हे मोजायला एक मीटरची काठी पुरते. सपाट, समतल जागी ती ओळंब्याने सरळ उभी करा. सर्वांत आखूड सावलीची वाट पाहू नका, कारण मध्याह्नाच्या आसपास सावलीची लांबी जेमतेम बदलते आणि तो क्षण हातून निसटतो. त्याऐवजी सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करून वेळ टिपा. काठीच्या बुंध्याला दोरी बांधून त्या खुणेतून वर्तुळ काढा. दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकले की वेळ टिपा. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे मध्याह्न. सकाळी १०:२० आणि दुपारी १:४८ असेल, तर उत्तर १२:०४.

सावलीचे टोक धूसर दिसते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. सेंटिमीटरभर पट्टा पुसट राहतोच. काठीच्या टोकावर पाच मिलिमीटर भोकाचा पुठ्ठा लावा आणि प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरा. काठी जरा पूर्वेला किंवा पश्चिमेला कलली, तर उत्तर काही मिनिटांनी चुकते.

आता ताळा. प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या ५ अंश पश्चिमेला, ३ नोव्हेंबरला: २० मिनिटे उशीर वजा १६ मिनिटे, म्हणजे १२:०४. तुमच्या जागेचा हिशोब आणि काठीचे उत्तर यांत दोन-तीन मिनिटांहून जास्त फरक पडला, तर आधी ओळंबा तपासा.