'निअर मिंट' आणि 'जेम मिंट': ग्रेडिंगआधी कार्डाचा भाव कशावर धरायचा?

पोकेमॉनचे कार्ड 'निअर मिंट' म्हणून घ्यायचे, पीएसए या अमेरिकी ग्रेडिंग कंपनीने 10 म्हणजे 'जेम मिंट' ठरवलेल्या त्याच कार्डाचा भाव बघायचा आणि मधला फरक नफा समजून कार्ड ग्रेडिंगला, म्हणजे तपासून गुण घ्यायला, पाठवायचे. नवख्या संग्राहकाचे पैसे जातात ते इथेच, कारण हे दोन शेरे वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामासाठी दिलेले असतात.

विक्रेत्याचे 'निअर मिंट' हा बराच रुंद पट्टा आहे. टीसीजीप्लेअर या अमेरिकी कार्डविक्रीच्या साइटवर ती सर्वांत वरची श्रेणी, त्याखाली लाइटली प्लेड (थोडे वापरलेले). युरोपातल्या कार्डमार्केट या साइटवर मात्र तिच्याही वर 'मिंट' असते. लंडनहून कोणी कार्ड आणून देणार असेल तर ते कुठल्या साइटवरचे, हे आधी विचारून घ्यावे. पीएसएच्या 1 ते 10 च्या पट्टीवर तर निअर मिंट म्हणजे 7. त्यावर 8, मग 9 म्हणजे मिंट आणि 10 म्हणजे जेम मिंट. त्यामुळे 'निअर मिंट' कार्ड 10 होऊन येऊ शकते, तसे 7 होऊनही, आणि दोन्ही वेळा विक्रेता खोटे बोललेला नसतो.

फरक मुख्यतः सेंटरिंगमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या छापील कडा किती सारख्या रुंद आहेत यात, पडतो. सुटे (ग्रेड न केलेले) कार्ड विकताना कडा मोजत कोणी बसत नाही. पीएसए 10 साठी मात्र पुढची बाजू अंदाजे 55/45 आणि मागची 75/25 च्या आत लागते. 9 ला पुढे 60/40 आणि मागे 90/10 चालते. डावी कड 3.3 मिमी आणि उजवी 2.7 मिमी असेल तर बेरीज 6, म्हणजे बरोबर 55/45. तीच 3.6 आणि 2.4 झाली की 60/40. दहा आणि नऊ यांच्यामधले अंतर हे एवढेच: 0.3 मिमी. पट्टीने ते नीट दिसत नाही आणि व्हर्नियरचा जबडा कड दुखावतो. कार्ड नव्या, स्वच्छ स्लीव्हमध्ये (पारदर्शक पिशवीत) घालून 600 डीपीआयवर स्कॅन करावे. 1 मिमीचे साधारण 24 पिक्सेल होतात, ते मोजावेत. उभी आणि आडवी दोन्ही मापे घ्यायची, जी वाईट येईल ती धरायची. चित्र टोकापर्यंत असलेल्या फुल-आर्ट कार्डाला पुढे कड नसते, तिथे मागची निळी कड तरी मोजावी.

मग कोपरे आणि कडा. दहापट भिंगाखाली मागच्या बाजूचे चारही कोपरे बघावेत. निळ्यावर पांढरा ठिपका दिसला तर 10 ची आशा कमी करावी. पृष्ठभागासाठी खोलीतला दिवा मालवून टॉर्च जवळजवळ आडवा धरायचा आणि कार्ड हळूहळू फिरवायचे. होलोवरच्या (चकाकत्या कार्डावरच्या) छपाईच्या रेषा आणि नखाच्या टोकाएवढे खड्डे तेव्हाच उठून दिसतात. छपाईची रेषा कारखान्यातली आहे, आपण काही केले नाही, हा युक्तिवाद ग्रेडरपुढे चालत नाही. डाग पुसायला जाऊ नये. घासल्याची चमक डागापेक्षा ठळक दिसते.

गोव्यात याला आणखी एक फाटा आहे. मिरगापासून चवथीपर्यंतच्या दमट हवेत होलो कार्ड वाकते: मागचा कागद ओल शोषून फुगतो, पुढचा चकचकीत थर फुगत नाही, म्हणून कडा चित्राच्या बाजूला उचलल्या जातात. हा बाक हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवल्यावर बराच उतरतो. जाड पुस्तकाखाली दाबले तर मध्ये अडकलेला धुळीचा कण खड्डा पाडतो, आणि तो खड्डा कायमचा.

भाव बघताना ईबेवर 'सोल्ड' ही चाळणी लावावी. नुसत्या यादीतला आकडा ही मागणाऱ्याची इच्छा असते. विकलेल्या नोंदीतही भाव खोडलेला दिसला तर सौदा कमी रकमेत झालेला असतो. कार्डाची आवृत्ती जुळली पाहिजे: 1999 च्या इंग्रजी बेस सेटमधला चॅरिझार्ड 4/102 फर्स्ट एडिशन (पहिली आवृत्ती), शॅडोलेस (चित्राच्या चौकटीला सावली नसलेला) आणि अनलिमिटेड (नंतरची छपाई) असा तीन रूपांत आहे आणि तिघांचे भाव फार दूर आहेत.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेऊ: सुटे कार्ड 4,000 रुपये, 10 ला 14,000, 9 ला 5,000, 8 ला 3,800. ग्रेडिंग, दोन्ही बाजूंचे टपाल, विमा आणि परत येताना लागू शकणारे सीमाशुल्क मिळून कार्डामागे 3,500. दहाची शक्यता 30 टक्के, नऊची 50 आणि आठची 20 धरली तर 4,200 + 2,500 + 760 म्हणजे 7,460. खर्च वजा जाता 3,960. आहे तसे विकले असते तर 40 रुपये जास्त आणि वाट बघणे शून्य. नव्या कार्डांत 9 चा भाव बऱ्याचदा सुट्या कार्डाच्या आसपासच असतो, म्हणून सगळा खेळ दहाच्या शक्यतेवर. ती पीएसएच्या पॉप्युलेशन रिपोर्टमधून (कुठल्या कार्डाला कोणता ग्रेड किती वेळा मिळाला याच्या यादीतून) जशीच्या तशी उचलू नये, कारण तिथे लोकांनी निवडून पाठवलेली कार्डेच मोजलेली असतात.

ग्रेडिंगच्या अर्जात 'डिक्लेअर्ड व्हॅल्यू' विचारतात तीही खरेदीची किंमत नव्हे. ग्रेड झाल्यावर अपेक्षित असलेली किंमत तिथे लिहायची. विमा त्यावर ठरतो. निवडलेल्या सेवेच्या मर्यादेपेक्षा कार्ड महाग निघाले तर वरच्या सेवेचे शुल्क मागून आकारले जाते, तेव्हा दहा आले तर काय, हा आकडाही हिशेबात आधीच धरून ठेवावा.