अक्कल आधी येते, आवर नंतर

गावाकडून पुण्यात नोकरीला आलेल्या २१-२२ वर्षांच्या मुलावर पहिल्याच महिन्यात काय काय येऊन पडतं! कॉट बेसिसच्या खोलीचं डिपॉझिट, मेसचे पैसे, घरी पाठवायची रक्कम, आणि खात्यात पगार पडला रे पडला की हप्त्यावर नवा फोन घेण्याचा मेसेज. यातलं त्याला काही कळत नाही असं नाही. हप्ते किती महिने फेडायचे आणि हातात किती उरेल, हा हिशेब तो तोंडी करतो. तरी मित्रांबरोबर दुकानात गेला की सही होऊन जाते. घरचे म्हणतात, ‘अक्कल कधी यायची याला?’

अक्कल बहुधा आलेलीच असते. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह ११ देशांतल्या, १० ते ३० वर्षे वयाच्या ५ हजारांहून अधिक जणांच्या चाचण्या घेतल्या. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निवांत बसून, माहिती समोर ठेवून विचार करण्याची क्षमता १६ व्या वर्षाच्या आसपास मोठ्या माणसांइतकी होते. मोह आवरणं, पुढचं पाहणं, सोबत्यांच्या दबावाला न बधणं मात्र अठराव्या वर्षानंतरही घडतच राहतं. (आपल्याकडे १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, ते या हिशेबात बसतं. मतदान हा शांत डोक्याने घ्यायचा निर्णय. निदान असायला हवा.)

सोबतीचा परिणाम किती असतो, हे स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये एका व्हिडिओ गेममधून दाखवलं होतं. पडद्यावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची ते ठरवायचं. काहीजण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्याच वयाचे दोघे बसवले. सोबत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी जास्त धोका पत्करला, १८ ते २२ च्या तरुणांनीही. २४ च्या पुढच्यांवर सोबतीचा परिणाम बराच कमी होता.

याचं एक कारण मेंदूच्या घडणीत सापडतं. बक्षिसाच्या, कौतुकाच्या चाहुलीने उसळणारा भाग वयात येतानाच तरतरीत होतो. कपाळामागचा, लगाम धरणारा भाग सावकाश पक्का होतो: न वापरलेले पेशीजोड छाटले जातात, उरलेल्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. हे काम विशीतही सुरू असतं.

‘पंचविशीत मेंदू पूर्ण होतो’ हे वाक्य मात्र जरा जपूनच घ्यावं. मेंदू-संशोधक जे गीड आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या गाजलेल्या एमआरआय अभ्यासातली सगळ्यात मोठी मुलंच जेमतेम २१-२२ वर्षांची होती. बदल तिथे थांबले नव्हते, मोजणी थांबली होती. पंचविसाव्या वाढदिवसाला मेंदूत कुठलं बटण दाबलं जात नाही, आणि म्हणून ‘अजून माझा मेंदू तयार नाही’ ही सबबही फारशी चालत नाही.

आवर कच्चा असेल तर निर्णयाची वेळ बदलता येते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका अमेरिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना आजच्या पगारातून बचत वाढवायला सांगितलंच नाही. पुढची पगारवाढ झाली की तिच्यातला हिस्सा आपोआप बचतीत जाईल, एवढ्याला त्यांनी आधीच होकार द्यायचा. ४० महिन्यांत या लोकांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. ही माणसं काही कोवळ्या वयाची नव्हती. मोह त्यांनाही होताच.

आपल्या मुलाला हेच करायचं तर पगाराच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेला आवर्ती ठेवीचा हप्ता आपोआप कापला जाईल अशी सोय बँकेत करून ठेवावी. घरी पाठवायच्या पैशांचंही तसंच. आणि फोन बघायला जायचं तर एकट्याने, रविवारी सकाळी.