सुबाभूळ मुरघास

सुबाभूळ मुरघास : सुबाभळीचा (ल्युसीना ल्यूकोसेफाला) कोवळा पाला व बारीक फांद्या हवाबंद आंबवून केलेली वैरण. पाल्याच्या शुष्क भारात २० ते २५ टक्के प्रथिने असतात. पावसाळ्यात भरपूर फुटणारा हा पाला उन्हाळ्यासाठी राखून ठेवणे हा या मुरघासाचा हेतू. पाला वाळवून ठेवता येतो, पण वाळताना पर्णिका गळून पडतात आणि गोठ्यात काड्याच पोचतात.

मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हा वृक्ष स्पॅनिश जहाजांतून फिलिपीन्सला गेला व तेथून आशियात पसरला. भारतात तो बहुधा एकोणिसाव्या शतकात आला असावा. जुन्या नोंदींत त्याचे नाव ‘कुबाबुल’ असे आढळते. ‘कु’ जाऊन ‘सु’ येण्याचे श्रेय सामान्यतः उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापलेल्या ‘बाएफ’ संस्थेच्या प्रसारकार्याला देतात. नाव कोणी बदलले याविषयी एकवाक्यता नसली, तरी महाराष्ट्रात ‘के-८’ यांसारखे हवाई बेटांवरील उंच वाण रुजवण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. १९८८ च्या सुमारास कोवळ्या शेंड्यांतील रस शोषणारी सिलिड कीड भारतात पोचली व या झाडाविषयीचा उत्साह ओसरला.

प्रत : मक्याचा मुरघास सहज साधतो, सुबाभळीचा साधत नाही. पाल्यात विद्राव्य साखर कमी आणि सामू (पीएच) उतरण्यास विरोध करणारी बफर क्षमता जास्त असते. त्यामुळे लॅक्टिक अम्ल पुरेसे तयार होण्याआधीच क्लॉस्ट्रिडियम जंतूंना वाव मिळतो. प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया, आणि जोडीला ब्यूटिरिक अम्लाचा उग्र वास येतो. एकूण नायट्रोजनापैकी अमोनियारूप नायट्रोजन १० टक्क्यांच्या आत असल्यास मुरघास चांगला मानतात.

यावरचा उपाय म्हणजे साखर बाहेरून पुरवणे. पाल्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के मळी (मोलॅसिस) पाण्यात कालवून थरांवर शिंपडतात. साखर कारखान्याच्या मळीवर शासकीय नियंत्रण असल्याने शेतकरी बहुधा गूळ किंवा काकवी वापरतात. एक भाग पाल्याला दोन ते तीन भाग चिकातील मका किंवा ज्वारी मिसळली, तर वेगळ्या गुळाची गरज फारशी उरत नाही. लहान शेतकऱ्याला हीच पद्धत अधिक परवडते. पाला काही तास सुकवून शुष्कांश ३० ते ३५ टक्क्यांवर आणतात. मात्र सुकवणी ताडपत्रीवर करावी, म्हणजे गळालेल्या पर्णिका वाया जात नाहीत. लॅक्टिक जंतूंची विरजणे व फॉर्मिक अम्लही वापरतात. अम्ल घालून वैरण टिकवण्याची कल्पना फिनलंडचे आ. इ. व्हिर्तानेन यांची, त्यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कुट्टी करणे, खड्डा दाबणे, तोंड बंद करणे हे इतर मुरघासाप्रमाणेच.

मिमोसिनाचा प्रश्न : पाल्यातील मिमोसिन हे अॅमिनो अम्ल विषारी असून त्याचे प्रमाण कोवळ्या शेंड्यांत सर्वाधिक असते. त्यामुळे केस गळतात. घोड्यांची आयाळ व शेपूट विरळ होते. मुरवल्याने मिमोसिन बरेच घटते, यावर बहुतेकांचे एकमत आहे. मतभेद आहे तो कारणाविषयी. पूर्वी हे केवळ आंबवणाऱ्या जंतूंचे कार्य समजत. १९८३ मध्ये लाउरी व सहकाऱ्यांनी दाखवले की, पाला चिरडताच त्यातील स्वतःचेच विकर (एन्झाइम) मिमोसिनाचे रूपांतर डीएचपी या संयुगात करू लागते. तेव्हा खड्डा बंद होण्याआधी, कुट्टी यंत्रातच या बदलास सुरुवात होत असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

परंतु डीएचपी निरुपद्रवी नाही. ते अवटू (थायरॉईड) ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणते व गलगंड निर्माण करते. ‘मुरघासात मिमोसिन उतरले’ असे सांगणारी, पण डीएचपी न मोजणारी निरीक्षणे म्हणूनच अपुरी मानली पाहिजेत. या विषाचा खरा निचरा होतो तो जनावराच्या शरीरात. हवाईतील शेळ्यांच्या रोमंथिकेतील (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचा पहिला कप्पा) जंतू ऑस्ट्रेलियातील जनावरांत सोडल्यावर तेथील विषबाधा टळली, असे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवले. त्यांपैकी एका जंतूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टीस जोन्सी हे नाव देण्यात आले. अलीकडे मात्र यकृतात डीएचपीचे संयुग्मन होऊन (दुसऱ्या रेणूशी जोडले जाऊन) ते मूत्रावाटे जात असावे, असे मत पुढे आले असून जंतूंचे महत्त्व त्यामुळे काहीसे कमी लेखले जाते. दोन्ही यंत्रणा एकत्र चालत असाव्यात.

व्यवहारात गाय, म्हैस व शेळी यांच्या आहारातील शुष्क भारापैकी सुबाभळीचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत ठेवतात व तो हळूहळू वाढवतात. घोड्यांना व डुकरांना हा मुरघास देत नाहीत. चांगल्या मुरघासाचा रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस गोड व सामू ४.५ च्या आसपास असतो. काळपट, चिकट किंवा बुरशी धरलेला भाग काढून टाकतात.