जुनी रायफल अस्सल आहे का, हे धातू आणि लाकूड कसे सांगतात

जुनी रायफल विकत घेताना तिची नळी सरळ आहे का, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) नीट बसतो का आणि चाप व्यवस्थित चालतो का, हे तपासणे तुलनेने सोपे असते. त्याहून अवघड प्रश्न तिच्या अस्सलपणाचा असतो. ही रायफल कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच आज आपल्यासमोर आहे, की मधल्या काळात कोणी तिच्या धातूवरचा मुलामा बदलला, लाकडी दस्ता घासला, नळी कापली किंवा दोन-तीन रायफलींचे भाग जोडून एक तयार केली? संग्राहकांच्या बाजारात किंमत बहुतांशी याच उत्तरावर ठरते. पुन्हा मुलामा दिलेली चकचकीत रायफल अनेकदा झिजलेल्या पण मूळ अवस्थेतल्या रायफलीपेक्षा बरीच स्वस्त विकली जाते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण झीज हा वापराचा पुरावा असतो आणि नवा मुलामा तो पुरावा कायमचा पुसून टाकतो.

कोणतीही एक खूण अस्सलपणा सिद्ध करत नाही. पोलाद, त्यावरचा मुलामा, लाकूड, स्क्रू आणि छाप हे सारे आपापल्या भौतिक आणि रासायनिक नियमांनी जुने होत असतात. रायफल अस्सल असेल तर या सगळ्यांचे वय आणि इतिहास एकमेकांशी जुळायला हवा. त्यामुळे तपासणी म्हणजे खरे तर विसंगतीचा शोध असतो. मात्र हाताळण्यापूर्वी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये, आणि दस्ता किंवा स्क्रू सोडवायचे असतील तर मालकाची स्पष्ट परवानगी घ्यावी.

सर्वाधिक माहिती पोलादावरच्या निळसर काळ्या थरातून मिळते. ज्याला ब्लूइंग म्हणतात तो रंग नसून लोखंडाचाच एक ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, असतो. तो पोलादाच्या पृष्ठभागातूनच तयार होतो आणि केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. तो तयार करण्याच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. जुन्या पद्धतीत पोलादावर आम्लयुक्त द्रावण लावून मुद्दाम बारीक गंज चढवत, मग तो भाग पाण्यात उकळत. उकळल्यावर तांबूस गंजाचे काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होई. मग सुटा थर घासून काढून हीच क्रिया अनेकदा करत. यातून मऊ, किंचित मखमली पृष्ठभाग तयार होतो. नंतर प्रचलित झालेल्या पद्धतीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात भाग बुडवतात. त्यात वेळ कमी लागतो आणि भाग आधी चांगला पॉलिश केलेला असेल तर पृष्ठभाग चकचकीत होतो. एखाद्या मॉडेलच्या काळात कारखाना पहिली पद्धत वापरत होता आणि समोरची रायफल दुसऱ्या पद्धतीने निळी केलेली दिसते, तर ती नंतर कोणीतरी बुडवली आहे, असे मानायला आधार मिळतो. दुनळी रायफलींच्या बाबतीत तर यामागे रासायनिक कारणही आहे. त्यांच्या नळ्यांमधली पट्टी बहुधा मऊ झाळाने जोडलेली असते आणि उष्ण कॉस्टिक द्रावण त्या झाळावर हल्ला करते, म्हणून जाणकार कारागीर अशा नळ्यांना गंज चढवण्याच्या जुन्या पद्धतीनेच निळे करतात.

मुलामा मूळचा आहे का हे ठरवण्याची एक खात्रीची कसोटी गंजाच्या खड्ड्यांत सापडते. गंज लागतो तेव्हा तो मूळ मॅग्नेटाइटचा थर खाऊन खाली पोलादात खड्डा करतो. त्यामुळे मूळ मुलाम्याच्या रायफलीवर खड्डे असतील तर त्यांच्या तळाशी करडे पोलाद किंवा तपकिरी गंज दिसायला हवा. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहताना खड्ड्याच्या तळाशीही तसाच एकसंध काळा थर दिसला, तर क्रम उलटा आहे: आधी गंज, मग मुलामा. याला फारसा प्रतिवाद नसतो. काही जण खड्डे घालवण्यासाठी आधी पृष्ठभाग घासून खाली आणतात, पण मग त्याच्या खुणा दुसरीकडे उमटतात. कापडी चाकावर बफ करताना रिसीव्हरच्या (नळीमागच्या, बोल्ट सामावणाऱ्या धातूच्या भागाच्या) सपाट बाजूंना लाटा पडतात, कडा गोलावतात आणि स्क्रूच्या छिद्रांच्या तोंडाशी उथळ बशीसारखा खळगा तयार होतो, कारण मऊ चाक छिद्राच्या काठावर आत दबते. एखाद्या खिडकीचे प्रतिबिंब सपाट बाजूवर पाडून ते सरळ दिसते की नागमोडी, हे पाहिले की या लाटा चटकन ओळखता येतात.

झीज कुठे आहे हेही महत्त्वाचे असते. हाताने रायफल वर्षानुवर्षे जिथे धरली जाते तिथे, नळीच्या तोंडाच्या कडांवर आणि बोल्टच्या मुठीवर थर हळूहळू विरळ होत जातो आणि निळ्या-करड्याची सीमा अस्पष्ट असते. दस्त्याखाली झाकलेल्या भागात मात्र मूळ रंग टिकलेला असतो. झाकलेला आणि उघडा भाग सारख्याच छटेचा आणि सारखाच ताजा असेल, तर सारे एकाच वेळी नव्याने केले असण्याची शक्यता वाढते. थंड ब्लूइंगची द्रावणे वापरून केलेली डागडुजी वेगळीच असते. अशा बहुतेक द्रावणांत सेलेनियम आणि तांब्याची संयुगे असतात, त्यामुळे जो काळा थर साचतो तो मॅग्नेटाइट नसतो, तो लवकर झिजतो आणि तिरप्या उजेडात त्याची छटा आजूबाजूच्या थरापेक्षा निराळी दिसते. हातात धरून वापरायच्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने (ते पदार्थातली मूलद्रव्ये ओळखते) पृष्ठभागावर सेलेनियम सापडले तर शंका उरत नाही, आणि या तपासणीत रायफलीवर ओरखडाही उमटत नाही.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वाईट दिसणारा मुलामा म्हणजे बदललेला मुलामा, असे नेहमीच नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या अनेक रायफलींच्या रिसीव्हरवरील मूळ मुलामा आपोआप पापुद्र्यांसारखा निघतो आणि खाली करडे पोलाद उघडे पडते. अशी पापुद्रे सुटलेली रायफल अनाकर्षक असली तरी तो दोष तिच्या अस्सलपणाच्या बाजूने साक्ष देतो. उलट 1964 नंतरच्या विंचेस्टर मॉडेल 94 च्या रिसीव्हरसाठी जो मिश्रधातू वापरला गेला, त्यावर नेहमीचे ब्लूइंग नीट बसत नाही आणि पुन्हा मुलामा देणाऱ्याच्या हातून तो तांबूस-जांभळा होऊ शकतो. म्हणून त्या विशिष्ट मॉडेलची, त्या विशिष्ट काळातली, निर्विवाद अस्सल रायफल आधी पाहून ठेवणे हा मला कोणत्याही उपकरणापेक्षा मोठा आधार वाटतो.

काही रायफलींच्या रिसीव्हरवर निळ्या, तपकिरी आणि पिवळसर ढगांसारखी नक्षी असते. ती कार्बनयुक्त पदार्थांत पोलाद तापवून अचानक पाण्यात विझवल्यावर तयार होते. त्यात पृष्ठभागात कार्बन शिरून तो कठीण होतो, आणि वर साचलेल्या अतिशय पातळ ऑक्साइड थरांमधून प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे रंग दिसतात. हे रंग प्रकाशाने आणि हाताळणीने उडतात, पण दस्त्याच्या आत दडलेल्या भागावर ते टिकतात. बाहेर भडक आणि आत फिकट अशी नक्षी नैसर्गिक क्रमाच्या अगदी विरुद्ध आहे. गॅसच्या ज्योतीने नक्कल केलेले रंग बहुधा ज्योत फिरवलेल्या दिशेने पट्ट्यापट्ट्यांनी उमटतात, त्यांत मूळ नक्षीची अनियमित सरमिसळ येत नाही.

छाप आणि अक्षरे यांची तपासणी मुलाम्याशी जोडूनच करावी लागते. ठसा मारताना धातू बाजूला सरकतो आणि अक्षराच्या कडेला सूक्ष्म उंचवटा येतो. तो उंचवटा कारखान्यात ठेवला जाई की घासून काढला जाई, हे त्या कारखान्याच्या क्रमावर अवलंबून असते, पण अक्षराच्या कडा दोन्ही बाबतींत तीक्ष्ण राहतात. बफ केलेल्या रायफलीवर अक्षरांच्या कडा गोल होतात, बारीक रेषा नाहीशा होतात आणि एकाच शब्दातली काही अक्षरे खोल तर काही उथळ दिसतात. अनुक्रमांकाभोवती पृष्ठभाग किंचित खोलगट असेल किंवा तिथली घासल्याची दिशा आजूबाजूपेक्षा वेगळी असेल, तर जुना क्रमांक काढून नवा मारला असण्याची शंका घ्यावी. ठशाखालचे पोलाद आत खोलवर विरूपित झालेले असते, म्हणून वरचा आकडा घासून टाकला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तो अनेकदा पुन्हा दृश्य करता येतो. ग्राहकाने मात्र तसले आम्लप्रयोग रायफलीवर कधीही करू नयेत.

क्रमांक नसणे हे मात्र प्रत्येक वेळी संशयास्पद नसते. अमेरिकेत 1968 च्या बंदूक नियंत्रण कायद्याने प्रत्येक नव्या बंदुकीवर अनुक्रमांक बंधनकारक झाला. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त .22 (म्हणजे सुमारे 0.22 इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफली क्रमांकाशिवायच बाहेर पडल्या होत्या.

चाचणीगृहांच्या मुद्रा हा इतिहासाचा स्वतंत्र दुवा आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह 1813 च्या कायद्याने उभे राहिले. या संस्था जास्त दाबाचे काडतूस उडवून नळी आणि बंद यंत्रणा टिकते का ते पाहत आणि मग मुद्रा मारत. या मुद्रांचे आकार कालानुसार बदलले, त्यामुळे नळीवर एका काळाची आणि रिसीव्हरवर दुसऱ्या काळाची मुद्रा असेल तर नळी बदलून रायफल पुन्हा चाचणीला गेली होती, असे समजते.

लष्करी रायफलींच्या बाबतीत ‘अस्सल’ या कल्पनेलाच दोन अर्थ असतात, आणि विक्रेता कोणता अर्थ घेतो आहे हे विचारलेच पाहिजे. अमेरिकेच्या एम1 गॅरंड रायफलीची नळी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष बहुधा तिच्यावरच छापलेले असते आणि ते रिसीव्हरच्या अनुक्रमांकावरून कळणाऱ्या काळाशी पडताळता येते. नळीची तारीख रिसीव्हरहून थोडी आधीची असणे स्वाभाविक आहे, पण ती काही वर्षांनी नंतरची असेल तर नळी बदललेली आहे. तरीही तो बदल लष्कराच्या आयुधागारात झालेला असेल तर त्याला बनावट म्हणता येत नाही. तो सेवेतल्या इतिहासाचा भाग आहे. ब्रिटनच्या ली-एनफील्ड रायफलींवर कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती झाल्याचे ‘एफटीआर’ हे चिन्ह आणि वर्ष कोरलेले आढळते, ही तर उघड नोंदच आहे. जर्मनीच्या के98के रायफलींच्या लहान भागांवर अनुक्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असत. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने हस्तगत केलेल्या अशा असंख्य रायफली सोडून, वेगवेगळे भाग एकत्र करून, पुन्हा निळ्या करून ठेवल्या गेल्या आणि त्यांचे न जुळणारे क्रमांक विद्युत लेखणीने नव्याने लिहिले गेले. ही लिखावट ठशापेक्षा उथळ आणि हाताने काढलेली असते, म्हणून ती मूळ क्रमांकापासून सहज वेगळी ओळखता येते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे जुळवून मारलेले ठसे. तिथे आकड्यांची घडण मोठ्या भागावरील आकड्यांशी ताडून पाहावी लागते.

लाकडाकडे बरेच खरेदीदार फक्त सौंदर्य म्हणून पाहतात, हे मला खेदाचे वाटते, कारण दस्त्यातली फेरफार लपवणे फार अवघड असते. अक्रोडाचे लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीच्या दिशेने लक्षणीय आकसते. अमेरिकन काळ्या अक्रोडात ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे 5.5 टक्के आणि वलयांच्या दिशेने सुमारे 7.8 टक्के घट होते. दस्ता वाळलेल्या लाकडाचाच असला तरी दशकानुदशके हवेतल्या ओलाव्याबरोबर त्याची हालचाल चालू राहते. कारखान्यात बहुधा लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित उंच ठेवलेले असे. आकसल्यामुळे ते दस्त्याच्या मागच्या पत्र्याजवळ थोडे खाली जाऊ शकते, पण ही घट दिशेनुसार कमी-जास्त असते. घासून काढलेल्या दस्त्यात मात्र लाकूड सगळीकडून धातूच्या खाली गेलेले असते, पकडीसाठी कोरलेल्या चौकटनक्षीच्या टोकदार रेषा बोथट झालेल्या असतात आणि तपासनिसांनी मारलेले गोल किंवा चौकोनी ठसे अर्धवट उरलेले असतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली लाखेचा लेप नारिंगी झळाळतो, तर अनेक आधुनिक गोंद निळसर पांढरे चमकतात, त्यामुळे जुन्या लेपाखाली जोडलेली भेग उघडी पडते.

आणखी काही ठिकाणे पटकन पण न विसरता पाहावीत. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर रायफल अनेकदा चुकीच्या पेचकसाने सोडवली गेली आहे. नळीची लांबी बंद बोल्टच्या तोंडापासून मोजून त्या मॉडेलच्या लांबीशी ताडावी. कापलेल्या नळीत पुढच्या नेमकाट्याची जागाही चुकते. दुर्बिणीसाठी नंतर पाडलेली छिद्रे तर फार सर्रास आढळतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या विंचेस्टर मॉडेल 70 च्या रिसीव्हरच्या मागच्या पुलावर (बोल्टवरून जाणाऱ्या मागच्या आडव्या भागावर) छिद्रे असतील, तर ती बहुतेक वेळा मालकाने पाडलेली असतात, आणि ती बुजवली तरी बुजवलेल्या पोलादाची छटा मुलाम्यातून वेगळी उमटते.

काही जुन्या कारखान्यांच्या नोंदी आजही मिळतात. विंचेस्टरच्या ठराविक मॉडेल्स आणि क्रमांकांच्या नोंदी वायोमिंगमधील कोडी येथील बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमध्ये जपलेल्या आहेत आणि तिथून त्यांचे पत्र मागवता येते. त्यातून त्या क्रमांकाची रायफल कोणत्या काडतुसाची, कशा नळीची, कोणत्या मुलाम्याची होती आणि केव्हा बाहेर पडली, यांतले जे नोंदवलेले असेल ते कळते. पण हे पत्र फक्त निघतानाची अवस्था सांगते. पुढे काय झाले ते त्यात नसते, आणि दुर्मीळ नोंद असलेल्या क्रमांकाभोवतीच कुशल बनावट उभारली जाते. म्हणून पत्र हातात असले तरी धातू आणि लाकूड वाचावेच लागते. विक्रेता दस्ता उतरवून आतला भाग दाखवायला तयार नसेल, तर मुलामा बदललेला आहे असे गृहीत धरून तेवढीच किंमत द्यावी. अनुक्रमांक खोडलेला दिसला तर मात्र किंमत हा प्रश्नच उरत नाही, कारण अनेक देशांत अशी रायफल जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो.