अप्रकट उष्मा

पदार्थाची अवस्था बदलत असताना तो जी उष्णता घेतो किंवा सोडतो, पण जिच्यामुळे त्याचे तापमान बदलत नाही, ती अप्रकट उष्मा. जुन्या पुस्तकांत तिला सुप्त किंवा गुप्त उष्णता असेही म्हटले आहे. स्कॉटलंडचे जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात ही संकल्पना मांडली.

०° से. तापमानाचा १ ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. १००° से.ला १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला मात्र सुमारे ५४०. ही ऊर्जा रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्ची पडते, त्यांची गती वाढवण्यात नाही. म्हणून तापमापकाचा पारा जागचा हलत नाही. वाफेचे पुन्हा पाणी झाले की तेवढीच उष्णता बाहेर पडते. वाफेने भाजणे उकळत्या पाण्याने भाजण्याहून घातक ठरते ते यामुळेच.

उष्णता आणि तापमान एकच मानण्याची सवय स्वयंपाकघरात गॅस वाया घालवते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी ९८° से.च्या आसपास उकळते. उघड्या पातेल्यातले बटाटे एकदा उकळू लागल्यावर आच कितीही वाढवा, पाणी त्याहून तापत नाही, नुसते लवकर आटते. आच बारीक करून झाकण ठेवावे, हेच शहाणपणाचे.

पुण्याच्या उन्हाळ्यात हा गुणधर्म घरोघरी कामाला येतो. एप्रिलमधल्या दुपारी हवा कोरडी असते. नव्या माठाच्या अंगावर पाझरलेला ओलावा भराभर उडतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता माठातूनच घेतो. ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी, कारण कमी तापमानाला बाष्पीभवनाला थोडी जास्तच उष्णता लागते. क्षारांनी छिद्रे बुजलेला जुना माठ पाझरत नाही, म्हणून गारही करत नाही. वाळ्याच्या ताट्या आणि कूलर याच तत्त्वावर चालतात. जुलैत हवा दमट झाली की कूलर जवळजवळ निरुपयोगी होतो. त्यात यंत्राचा दोष नाही.

हवामानशास्त्रात या संज्ञेचे महत्त्व सर्वांत मोठे आहे. समुद्रावरून उठलेल्या वाफेचे ढगात पुन्हा पाणी होते, तिथे सुटलेली उष्णता हवेला आणखी वर ढकलते. वळवाचे ढग दुपारनंतर पाहता पाहता उंच होतात ते या जोरावर. १ चौरस किलोमीटरवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढे पाणी तयार होताना सुमारे ७० लाख युनिट विजेइतकी उष्णता वातावरणात मोकळी झालेली असते. मोसमी पावसाचे चक्रही बऱ्याच अंशी तिच्यावर चालते. त्यामुळे शिवाजीनगरचे ‘शिमला ऑफिस’ (भारतीय हवामान खात्याचे पुण्यातले कार्यालय) असो की पाषाणची भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था, पावसाच्या अंदाजासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकीय प्रारूपांत हा हिशेब टाळता येत नाही. तो अवघडही असतो, कारण प्रारूप वातावरणाचे चौकटी-चौकटींत तुकडे पाडते आणि एकेक ढग बहुतेकदा अशा चौकटीहून लहान भरतो.