फोनवरचं प्रशिक्षण: तुमच्या कारखान्यात सुरू करण्याआधी

नमस्कार.

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे आणि खाडीपलीकडे वागळे इस्टेट, एवढ्या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी आणि गोदामांसाठी आम्ही प्रशिक्षणाचे छोटे धडे तयार करतो. कामगाराने ते आपल्या फोनवर बघायचे. हल्ली कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे घेतलं की आमच्या ट्रेनिंगची कटकट मिटली ना?" थोडी मिटते, सगळी मिटत नाही. काय मिटतं आणि काय नाही, हे तुम्हाला पैसे मोजण्याआधी कळावं म्हणून हे पत्रक.

फोनच का

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याआधी फोनवर व्हिडिओ बघायचा म्हणजे रिचार्ज संपवायचा. २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा आईवडिलांच्या फोनवर भरू लागली आणि घरातल्या मोठ्यांचाही हात त्यावर बसला. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने मिशन कर्मयोगी मंजूर केलं. आज सरकारी कर्मचारी त्याच्या आयगॉट मंचावरचे अभ्यासक्रम फोनवर करतात.

आपल्याकडचं कारण मात्र त्याहून साधं आहे. कळव्याहून निघून ठाण्याला गाडी बदलून रबाळ्याला उतरणाऱ्या हेल्परकडे कंपनीचा ईमेल नसतो, टेबल नसतं, कॉम्प्युटर नसतो. त्यातही तो ठेकेदाराचा माणूस असेल, तर हॉलमधल्या प्रशिक्षणाच्या यादीत त्याचं नावच येत नाही. फोन मात्र त्याच्याकडे असतो.

पहिल्या दिवसाचं इंडक्शन कुठे जातं

नवा माणूस आला की त्याला दोन तास हॉलमध्ये बसवायचं, प्रोजेक्टरवर स्लाइड दाखवायच्या, रजिस्टरवर सही घ्यायची. बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस याने निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ करून, किती वेळात किती विसरतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा सगळ्यात मोठा घसारा पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात होतो, पुढे तो मंदावतो. म्हणजे सोमवारी सही केलेल्या माणसाकडे मंगळवारी सकाळी त्यातलं बरंच उरलेलं नसतं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

यावर उपाय म्हणून तीच स्लाइड पुन्हा दाखवतात. त्यापेक्षा प्रश्न विचारणं चांगलं. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या कामाचा सगळा पाया हाच आहे. धडा एक मिनिटाचा, आणि त्यानंतर तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी फोनवर एकेक प्रश्न. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर लगेच दिसतं, आणि तोच प्रश्न काही दिवसांनी पुन्हा येतो. हे काम फोन माणसापेक्षा चांगलं करतो, कारण दीडशे जणांना ठरलेल्या दिवशी ठरलेला प्रश्न विचारणं कोणत्याही सुपरवायझरला शक्य नाही.

एक धडा कसा तयार होतो

एका गोदामात फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या वरचेवर खराब होत होत्या आणि चार्जिंगच्या जागेत जमिनीवर आम्लाचे डाग पडत होते. तिथे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळी शिफ्ट त्यांना मामा म्हणते. आम्ही त्यांच्याबरोबर दोन पाळ्या थांबलो. मामांनी बॅटरीचं झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाले, "पोरं चार्जिंगला लावायच्या आधी वरपर्यंत पाणी भरतात. मग ते चढतं आणि बाहेर येतं."

सगळं दुखणं एवढ्यातच होतं. चार्जिंग होताना सेलमधलं द्रावण फुगतं. आधीच काठोकाठ डिस्टिल्ड वॉटर भरलेलं असेल तर आम्ल मिसळलेलं पाणी उतू जातं. म्हणून पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालायचं. आधी फक्त प्लेट्स उघड्या पडल्या आहेत का ते बघायचं, आणि पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच. शिवाय चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे तिथे हवा खेळती हवी आणि विडी-सिगारेट अजिबात नको.

आम्ही मामांचे हात दाखवले आणि आवाजही त्यांचाच ठेवला, मराठीत आणि हिंदीत. एक मिनिट पाच सेकंद. चार्जरशेजारच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, क्यूआर कोडचा स्टिकर लावला. (क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांचा माग ठेवायला तयार झाला. मूळचा कारखान्यातलाच आहे तो.) आता नवा मुलगा झाकण उघडण्याआधी तिथेच उभा राहून बघतो. इंग्रजी मॅन्युअलमध्येही हीच माहिती होती, पण ते ऑफिसच्या कपाटात होतं.

आमच्या हातून झालेली चूक

सुरुवातीच्या एका कामात आम्ही चाळीस मिनिटांचा सलग व्हिडिओ दिला. महिन्याअखेर अहवालात जवळजवळ सगळ्यांनी तो पूर्ण केल्याचं दिसलं, मालक खूश झाले. मग आम्ही मजल्यावर जाऊन पाच जणांना विचारलं, आग लागली तर जमायचं कुठे? एकालाही सांगता आलं नाही. व्हिडिओ चालू करून फोन खिशात ठेवला जात होता. ते काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केलं. तेव्हापासून आम्ही 'पूर्ण केलं' हा आकडा अहवालात देत नाही. कोणत्या प्रश्नाला किती जण चुकले, एवढंच देतो. कितीही चकचकीत ॲप कुणी दाखवलं तरी त्यांनाही हाच आकडा मागा.

व्हॉट्सॲप ग्रुप चालेल का

हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण ग्रुप फुकट असतो आणि आधीपासून असतोच. पाळी बदलली किंवा पाणी बंद आहे, असले निरोप द्यायला तो उत्तम. प्रशिक्षणासाठी नको. महत्त्वाचा व्हिडिओ शुभेच्छांखाली गाडला जातो, पद्धत बदलली तरी जुनाच व्हिडिओ फिरत राहतो, आणि मुख्य म्हणजे ग्रुपमधल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. पॅकिंगला काम करणाऱ्या अनेक ताईंनी आम्हाला हे स्वतः सांगितलं आहे: नंबर गेला की नको ते फोन येतात. त्यांची ही अडचण किरकोळ समजू नका.

आमच्या धड्यांसाठी कामगाराला आपला नंबर दुसऱ्या कामगाराला दाखवावा लागत नाही. लोकेशन, फोटो, संपर्कयादी यांची परवानगी आम्ही मागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर तर कोणती माहिती कशासाठी घेतो हे माणसाला समजेल अशा भाषेत सांगायलाच हवं. ती सूचना आम्ही मराठी आणि हिंदीत देतो.

फोन जिथे चालत नाही

सॉल्व्हंटची वाफ असते त्या भागात साधा फोन नेऊच नये, ठिणगीचा धोका असतो. खाद्यपदार्थांच्या काही युनिटमध्येही फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. अशा ठिकाणी आम्ही कँटीनमध्ये किंवा कपडे बदलण्याच्या खोलीबाहेर कंपनीचा एक टॅब भिंतीला बसवतो. ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे, त्यांनाही तो उपयोगी पडतो.

आणि जे काम हाताने शिकायचं आहे ते फोनवर शिकवता येत नाही. अग्निशामकाची पिन काढून नळी आगीच्या बुडाशी धरणं, फोर्कलिफ्ट उतारावरून आणणं, मशीनची वीज तोडून त्यावर आपलं कुलूप लावणं, हे सगळं माणसासमोर, मशीनजवळ, हातानेच करून घ्यायला हवं. फोनवर धडा बघून आलेल्या मुलाला मामा लवकर शिकवू शकतात. पण शिकवायला मामाच लागतात. जुन्या माणसांना कमी करण्यासाठी कुणाला ॲप हवं असेल, तर ते काम आम्ही घेत नाही.

वेळ कुणाचा

धडा कामाच्या वेळेत बघू द्या. पाळी सुरू होताना पाच मिनिटं पुरतात. "घरी जाता जाता ट्रेनमध्ये बघा" असं सांगणाऱ्या ठिकाणी आमचे धडे चालले नाहीत, आणि ते योग्यच झालं. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हाच आरोग्य आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून कायद्यात लिहिला गेला. हक्काच्या गोष्टीसाठी त्याची झोप किंवा त्याचा रिचार्ज जाऊ नये. म्हणून एक मिनिटाचा व्हिडिओ आम्ही पाच-सहा एमबीत बसवतो आणि गेटजवळच्या तुमच्या वायफायवर तो आधीच उतरवून ठेवता येतो.

पैसे आम्ही विषयामागे घेतो, माणसामागे नाही. त्यामुळे ठेकेदाराच्या माणसांना यादीत घेतलं म्हणून तुमचं बिल वाढत नाही.

पहिल्या भेटीसाठी गेल्या वर्षभरातल्या लहानसहान अपघातांची वही काढून ठेवा, आणि कोणत्या मशीनवर नवी माणसं जास्त चुकतात हे सुपरवायझरना विचारून ठेवा. आम्ही पावणेतीनला येतो, म्हणजे तीनला सुटणारी आणि चढणारी, दोन्ही पाळ्यांची माणसं भेटतात.